बहिरे घड्याळजी

घड्याळ दुरुस्तीचा धंदा करणारी कर्णबधिर माणसं, आणि जिथे बाप-मुलगा दोघंही बहिरे अन् दोघंही त्याच बाकावर अशी घरं, त्यांच्याबद्दलची ही नोंद आहे. (‘मूकबधिर’ हा शब्द सगळीकडे चालतो, पण त्यातलं ‘मूक’ चूक आहे, हातांनी बोलणारा माणूस मुका कसा?) नाशिकमध्ये मेन रोडला किंवा दहीपुलाजवळ घड्याळ टाकायला गेलेल्या कुणालाही पहिली शंका हीच येईल, की टिकटिक ऐकूच येत नाही तर चालू झालं हे ह्यांना कळतं कसं.

तर बघून कळतं. चावीच्या जुन्या एचएमटी जनतामध्ये बॅलन्सचं चाक, म्हणजे मागेपुढे डोलत घड्याळाची चाल राखणारं चाक, तासाला १८,००० झोके घेतं म्हणजे सेकंदाला ५, आणि मागचं झाकण काढून डोळ्याला भिंग लावलं की त्या चाकाचा झोका भरदार आहे का मरगळलेला ते सरळ दिसतं, कानाला लावायची गरजच नाही. केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकामुळे वेढ्याला वेढा चिकटून बसली की घड्याळ पुढे पळायला लागतं, तेही भिंगातूनच सापडतं. खरी गंमत लंबकाच्या भिंतीवरच्या घड्याळात आहे. ते लंगडं चालत असेल तर ऐकणारा घड्याळजी टिक आणि टॉकमधलं अंतर ऐकून ओळखतो, पण न ऐकणारा काय करतो की लंबक बोटाने हळूच एका बाजूला नेतो, चाकाचा दात सुटला की थांबतो, मग दुसऱ्या बाजूला तसंच, आणि दोन्हीकडे अंतर सारखं येईपर्यंत आतला दांडा किंचित वाकवत राहतो. मला तर हीच रीत जास्त खात्रीची वाटते. दात सुटल्याचा बारीक धक्का बोटाच्या टोकाला लागतो, गजराचं घड्याळ तर तळहातावर ठेवलं की हातच थरथरतो. पुढे मशीन आलं, ते टिकटिकीची रेघ काढून दाखवतं, रेघ वर चढली तर घड्याळ पुढे, खाली उतरली तर मागे, म्हणजे कानाचं राहिलेलं कामही डोळ्यांकडेच आलं.

घरंच्या घरं बहिरी का असतात ह्याचं कारण बऱ्याचदा जीनमध्ये सापडतं. जीजेबी२ नावाच्या जीनमधला दोष भारतात बराच आढळतो, तो आई आणि वडील दोघांकडून आला तरच मूल बहिरं होतं, म्हणून ऐकणाऱ्या जोडप्यालाही बहिरं मूल होऊ शकतं, आणि आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत असल्यामुळे ही शक्यता आणखी वाढते. आईवडील दोघंही ह्याच जीनमुळे बहिरे असतील तर मग सगळीच मुलं बहिरी. पण अशा घरात पोराला धंदा शिकवायला बोलावं लागत नाही, तो बापाच्या हाताकडे बघत बघत शिकतो, कारण भिंग, चिमटा आणि बारीक स्क्रू ह्यांचं काम तसंही तोंडी सांगून येत नाही.

कानाचं काम डोळ्यांनी करायचं ह्याचं नाशिकला नवल वाटू नये खरं तर. रामेश्वर मंदिराची (१७४७) ती मोठी नारोशंकराची घंटा, वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण म्हणून सांगतात ती, तिचा नाद गावभर नावाजलेला, पण गोदावरीला पूर आला की सगळं गाव बघतं काय, तर पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलंय का छातीला!

धंद्याला खरा फटका सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांनी दिला. १९६९ मध्ये सेकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ काढलं, आपल्याकडे १९६१ पासून बंगळुरूत घड्याळं बनवणाऱ्या एचएमटीचा तो कारखानाही २०१६ पर्यंत बंद झाला. आता बाकावर जास्त करून सेल बदलणं आणि पट्टे. गिऱ्हाईक काचेवर ‘कधी?’ म्हणून बोट ठेवतं, घड्याळजी मनगटावर टकटक करून ५ बोटं दाखवतो, की ५ वाजता या.