सर्वधर्मीय मोफत अन्नछत्र: नोंदणी, पात्रता आणि लागणारे कागद

जेवायला येणाऱ्याकडून एकही कागद मागायचा नाही, हे आधी ठरवा आणि मग बाकीच्या प्रक्रियेला हात घाला. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात मंडणगड-दापोलीहून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक, आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी गुरखा, बोटीवरचं काम सुटून बंदरावर बसलेला खलाशी, यांच्याकडे इथलं रेशनकार्ड असणार नाही. रोजचा आकडा हवा असेल तर ताटं मोजा. कागद लागतात ते वाढणाऱ्यांना.

पहिली नोंदणी सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. दोन वाटा आहेत. न्यासपत्र (ट्रस्ट डीड) करून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली न्यास नोंदवता येतो. किंवा किमान सात सज्ञान सभासद जमवून 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायची. आपल्या राज्यात अशी संस्था 1950 च्या कायद्याखालीही नोंदवली जाते आणि तिच्या न्यास क्रमांकाआधी 'एफ' अक्षर येतं. वाडीतले, मोहल्ल्यातले, बौद्धवाडीतले, चर्चचे असे सगळे एकत्र येत असाल तर माझं मत संस्थेच्या बाजूने. ठरावीक मुदतीने निवडणूक होते आणि अन्नछत्र कुणा एका घराण्याचं होत नाही.

संस्थेच्या घटनेतला (म्हणजे तिच्या लेखी नियमपत्रातला) उद्देश मात्र दहा वेळा वाचा. गरिबी किंवा संकटातल्या माणसांना मदत हा 1950 च्या कायद्यात धर्मादाय हेतू मानला आहे, तेव्हा मोफत जेवण त्यात बसतं. घोळ होतो तो 'सर्वधर्मीय' कागदावर उतरवताना. उत्साहात 'हिंदू, मुस्लिम, बौद्ध व ख्रिश्चन बांधवांसाठी' असं लिहिलं जातं. फलकावर ते छान दिसतं, पण यादी केली की कुणीतरी यादीबाहेर राहतोच. शिवाय देणगीदाराला आयकरात सूट हवी असेल (सगळे जिला 'ऐंशी-जी' म्हणतात ती), तर संस्था एखाद्या विशिष्ट धर्मसमाजाच्या किंवा जातीच्या फायद्यासाठी असून चालत नाही. म्हणून सरळ लिहा: 'धर्म, जात, भाषा, प्रांत न पाहता गरजू व्यक्तींना मोफत अन्न देणे.' उरूस, पालखी, नाताळ वगैरे उद्देशांत घुसडू नका. धार्मिक कामावरचा खर्च वर्षाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांवर गेला तर ती सूट धोक्यात येते. इफ्तार किंवा भंडारा करायचाच असेल तर त्याची वर्गणी वेगळी, हिशेब वेगळा.

अर्जासोबत साधारणपणे घटना व नियमावली, पहिल्या सभेचा ठराव, सगळ्या पदाधिकाऱ्यांची संमतीपत्रं, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, प्रतिज्ञापत्र आणि कोर्ट फी स्टॅम्प लागतो. यातलं काही फार अवघड नाही. कोकणात अडतं ते कार्यालयाच्या पत्त्यावर. पत्त्यासाठी घरपट्टीची पावती किंवा वीजबिल आणि घरमालकाचं ना-हरकत पत्र द्यावं लागतं. घर आजोबांच्या नावावर, वारस आठ, त्यातले पाच मुंबईला, आणि एका चुलत्याचं दुसऱ्याशी बोलणं बंद! अशा सामाईक घराचा पत्ता देऊन सह्या गोळा करत बसण्यापेक्षा ज्याची घरपट्टी एकट्याच्या नावावर आहे असा सभासद शोधा, मग ती दोन खोल्यांची जागा असली तरी बेहत्तर. देऊळ, मशीद किंवा चर्चच्या आवारातला पत्ता टाळलेला बरा. जेवायला येताना कुणाचा पाय अडखळू नये, आणि त्या जागेच्या विश्वस्तांचा ठराव मागण्याची पाळीही येऊ नये.

अर्ज गेल्यावर चौकशी होते, आक्षेप असल्यास ऐकले जातात, मग प्रमाणपत्र. तोवर पावतीपुस्तकं छापून वर्गणी गोळा करत सुटू नका. नोंदणी नसताना लोकांकडून पैसे घ्यायचे असतील तर गणेशोत्सव मंडळं घेतात तशी कलम 41क ची परवानगी आधी घ्या. प्रमाणपत्र आल्यावर संस्थेचं पॅन, बँक खातं आणि आयकर नोंदणी याच क्रमाने होतं.

दुसरी नोंदणी स्वयंपाकघराची. 'आम्ही कुठे विकतोय?' हा प्रश्न हमखास येतो. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात नफा असो वा नसो, अन्नाचा उद्योग तो उद्योगच. 2011 च्या नियमांत धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाराही लहान व्यावसायिकांत धरला आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस या नोंदणी पोर्टलवर फोटो, ओळखपत्र आणि जागेचा तपशील भरला की काम होतं; त्या नियमांत या नोंदणीचं शुल्क वर्षाला 100 रुपये होतं. लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं जेवण उचलणार असाल तर त्यासाठी 2019 चे वेगळे नियम आहेत. पावसाळी दमट हवेत कोमट राहिलेला भात लवकर आंबतो, म्हणून गरम पदार्थ 60 अंशांच्या वर ठेवायचा नियम इथे शब्दशः पाळा. पदार्थ शाकाहारी ठेवले तर भांड्यांचे आणि कापण्याचे वाद उद्भवतच नाहीत. डाळ-भात, एक भाजी, लोणचं. आजाऱ्याला पेज.

पैशांबाबत किनाऱ्यावरच्या गावांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आखातात नोकरी करणारा गावचा माणूस भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने देणगी देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. तोच जर दुसऱ्या देशाचा नागरिक झाला असेल, तर भाऊबंद असला तरी रक्कम परदेशी ठरते आणि परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. त्यामुळे देणगी घेताना पासपोर्टची प्रत मागा, संकोच नको. रोख देणगी 2000 रुपयांवर गेली की देणाऱ्याला सूट मिळत नाही. दानपेटी ठेवली तर नाव नसलेल्या देणग्यांना मर्यादा आहे: वर्षाला एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांतली जी जास्त ती. त्यावरच्या रकमेवर 30 टक्के कर लागतो.

कार्यकारिणीत बदल झाला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. अध्यक्ष म्हणून मुंबईतल्या वजनदार चाकरमान्याचं नाव घालायचा मोह होतो. घाला, पण चेकवर सही करणारे दोघे तरी बारा महिने गावात राहणारे ठेवा.