गहू : एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापन

गव्हाला लागणारी अन्नद्रव्ये सेंद्रिय, जिवाणू आणि रासायनिक खतांच्या मेळातून पुरवण्याची पद्धत.

या मेळाची गरज गव्हाच्या थंडीतल्या हंगामामुळेच पडते. शेणखतातील नत्र (नायट्रोजन) जिवाणूंनी कुजवल्यावरच मुळांना मिळते आणि थंडीत हे काम मंदावते. गव्हाला मात्र पेरणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे (खोडाच्या बुडाशी येणारी कायमची मुळे) फुटताना, नत्र हवेच असते. तेव्हा ते कमी पडले की फुटवे (बुडातून फुटणारी जादा खोडे) घटतात. युरिया ही निकड लगेच भागवतो, पण जमिनीचा सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून आलेला कार्बन) टिकवणे त्याच्या आवाक्यातले नाही.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून चाललेला गव्हावरचा ब्रॉडबॉक प्रयोग या मेळाच्या उपयोगाचा सर्वांत जुना पुरावा होय. जॉन लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी तो सुरू केला. तेथे दीर्घकाळ केवळ शेणखत आणि केवळ रासायनिक खते यांचे उत्पादन जवळपास सारखे राहिले. 1968 नंतर, अधिक उत्पादनक्षम वाण आल्यावर, शेणखताला नत्राची जोड दिलेले वाफे पुढे गेले. तेथील शेणखताची मात्रा मात्र दरवर्षी हेक्टरी 35 टन आहे; आपल्याकडे एवढे खत कोणाच्याच उकिरड्यावर नसते.

महाराष्ट्रात बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हासाठी हेक्टरी सुमारे 10 टन कुजलेले शेणखत आणि 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद (फॉस्फरस), 40 किलो पालाश (पोटॅश) अशी प्रचलित शिफारस आहे. शेणखत शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी पसरतात. अर्धे नत्र आणि पूर्ण स्फुरद-पालाश पेरणीच्या वेळी, उरलेले नत्र पहिल्या पाण्याच्या सुमारास देतात. माती परीक्षणानुसार ही मात्रा बदलावी. बियाण्याला बुरशीनाशक आधी चोळून मग ॲझोटोबॅक्टर (हवेतले नत्र बांधणारे जिवाणू) व स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावतात.

शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे 10 टनांत 50 किलो. पहिल्या हंगामात त्यातला लहान हिस्साच पिकाला मिळतो. त्यामुळे पहिल्याच वर्षी सगळे 50 किलो वजा करून युरिया कापला, तर पीक उपाशी राहते. अर्धवट कुजलेले खत त्याहून घातक. त्यात न कुजलेले काड असते आणि गव्हाच्या काडात कर्ब नत्राच्या जवळपास 80 पट असतो. तो कुजवताना जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि कोवळे पीक पिवळे पडते. शिवाय अशा खतातून हुमणी (मुळे खाणारी अळी) शेतात येते.

शेणखत अपुरे असेल आणि खरिपात रान मोकळे असेल, तर ताग पेरून फुलावर येताच गाडतात.