मूल उशिरा बोलतंय? अंगणवाडीपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत मोफत विकास तपासणी कशी होते

पहिली गोष्ट म्हणजे या तपासणीसाठी अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही आणि आधी कुणी निदान केलेलं असण्याचीही गरज नाही. पालकाला शंका आली, एवढं कारण पुरतं. तरीही तीन-साडेतीन वर्षांची मुलं उशिरा तपासणीला पोचतात, कारण घरात कुणीतरी म्हणतं, "थांब गं, याचा बापही उशिराच बोलला होता." कदाचित खरंही असेल. पण तपासून घेतल्याने काही बिघडत नाही, थांबण्यात मात्र मुलाचे महिने जातात.

कधी दाखवायचं?

दीड वर्षाचं मूल चालत नसेल, एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल किंवा हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर दाखवा. दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा आला" अशी दोन शब्दांची जोडणी यायला हवी. तिसऱ्या वर्षी मूल छोटी वाक्यं बोलतं आणि त्याचं बरंचसं बोलणं परक्यालाही कळतं. चौथ्या वर्षी ते इतर मुलांत मिसळतं, खोटं-खोटं खेळतं, दोन कामं एकापाठोपाठ सांगितली तर करतं. यातल्या एखाद्या गोष्टीत ते थोडं मागे असेल, तर ते आजारीच आहे असं नाही.

एका बाबतीत मात्र एक दिवसही वाट पाहू नये. आधी येत असलेले शब्द, हसणं, नजरेला नजर देणं बंद झालं, तर वय कितीही असो, लगेच डॉक्टर गाठा. मूल वेळेआधी जन्मलेलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत त्याचं वय मूळ अपेक्षित तारखेपासून मोजतात, हेही ध्यानात ठेवा.

कुठे जायचं?

ही मोफत तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. हा सरकारी कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याची सुरुवात महाराष्ट्रातच, पालघरमध्ये झाली. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, बालपणातले आजार आणि विकासातला उशीर या चार गोष्टी पाहिल्या जातात. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि शंका स्वतःहून सांगा. रांगेतल्या मुलाला पाच मिनिटांत पाहून सगळं कळेल, अशी अपेक्षा धरू नये. घरी तुम्हाला जे खटकतं त्याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवलात, तर तो डॉक्टरांना फार उपयोगी पडतो.

खासगी नर्सरीत जाणाऱ्या मुलांकडे मात्र हे पथक सहसा पोचत नाही. अशा पालकांनी, किंवा पथकाची पुढची फेरी लांब असेल तर इतरांनीही, आशाताईंना विचारून थेट प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावं. तिथून चिठ्ठी मिळते ती जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची. बोलताना सगळे 'डीईआयसी' म्हणतात, आणि ते बहुधा जिल्हा रुग्णालयातच असतं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी मंडळी एकाच ठिकाणी असावीत, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात सगळी पदं सगळीकडे भरलेली नसतात. म्हणून तुम्हाला हवे ते तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे आधी विचारून निघा.

बोलायला उशीर असेल, तर कानाची तपासणी आधी होते. दार आपटल्यावर मूल दचकतं म्हणून त्याला नीट ऐकू येतं, असं समजू नका. मोठे आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक आवाज निसटत असतात. 'बेरा' म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी तपासणी, ती लहान मुलांची बहुधा झोपेतच करतात. त्यामुळे आदल्या रात्री कमी झोपू द्या, असं सांगितलं तर ते पाळा, नाहीतर फेरी वाया जाते.

सोबत काय न्यायचं?

माता-बाल संरक्षण कार्ड सगळ्यात महत्त्वाचं, कारण लसी, वजन आणि वाढीचा आलेख त्यात असतो. जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड असेल तर तेही घ्या. बाळ जन्मताच रडलं होतं का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, हे विचारतातच. जन्मदाखला, आधार (मुलाचं नसेल तर आईवडिलांचं), रेशनकार्ड आणि आधीचे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा.

दिव्यांग प्रमाणपत्र ही वेगळी प्रक्रिया

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. तपासणी आणि थेरपीसाठी प्रमाणपत्र लागत नाही, आणि तपासणी केली म्हणून मुलावर दिव्यांगत्वाचा शिक्काही बसत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांपैकी एखादा आढळला आणि तुम्हाला लाभ हवे असतील, तरच स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्रासाठीचं सरकारी संकेतस्थळ) पालकाने अर्ज करायचा. फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा, मग ठरलेल्या रुग्णालयात तपासणीला जायचं. बौद्धिक विकासात उशीर असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलाला तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, पुढे पुन्हा तपासणी होते. मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या, 25 टक्के जागांसाठी दिव्यांग बालकांना उत्पन्नाची अट नाही, पण किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मुलाला तिथे घालायचा विचार असेल, तर प्रवेशाची घोषणा होण्याची वाट न पाहता आदल्या पावसाळ्यातच अर्ज करून टाका.