बाटल्या वाढतायत, गार जागा तेवढीच: इंदूरच्या उन्हाळ्यात वाईन ठेवायचं गणित

रामबागेतल्या एखाद्या जुन्या वाड्याचं तळघर आपल्याकडे असतं तर काय मजा आली असती, असं इंदुरात वाईन जमवणारा माणूस कधी ना कधी म्हणतोच. खरं सांगू का, फारसा उपयोग झाला नसता. जमिनीत खाली जाऊ तसा दिवसरात्रीचा चढउतार अर्ध्या-पाऊण मीटरमधेच विरून जातो, उन्हाळा-हिवाळ्याचा फरक अजून खाली, आठ-दहा मीटरवर जवळजवळ संपतो, आणि मग तिथे जे तापमान उरतं ते साधारण त्या गावाचं वर्षभराचं सरासरी तापमान असतं. फ्रान्सच्या शॅम्पेन भागात हे सरासरीच १०-१२ अंश आहे, म्हणून तिथल्या रँस शहराखालच्या खडूच्या जुन्या खाणींमधे वीज न जाळता बारा महिने बाटल्या गार राहतात. इंदूरची सरासरी आहे २४-२५ च्या आसपास. म्हंजे तुम्ही कितीही खोल खणा, वाईनला आवडणारे १२ ते १४ अंश काही मिळायचे नाहीत. शब-ए-मालवाचं कौतुक आपल्याला आहेच, पण मे महिन्यातल्या त्या गार रात्रीसुद्धा बाटलीच्या हिशोबाने गरमच.

त्यामुळे आपल्याकडे जागेचा प्रश्न कपाटाचा नसतो, गार जागेचा असतो, आणि गार जागा विकत घ्यावी लागते, ती पण बाटलीमागे. म्हणून बाटल्या वाढायला लागल्या की लोक पहिलं काय करतात तर दुसरा फ्रिज बघायला लागतात. माझं म्हणणं आहे की त्याआधी एक साधा गुणाकार करून बघा.

१९६१ मधे अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी एक सूत्र गणिताने सिद्ध केलं, आज ते बँकेच्या रांगेपासून कारखान्यातल्या मालापर्यंत सगळीकडे वापरतात. सूत्र इतकं सोपं आहे की संशय यावा: आत सरासरी किती वस्तू असतील, तर दर महिन्याला किती येतात गुणिले प्रत्येक वस्तू सरासरी किती महिने थांबते. बस. महिन्याला ५ बाटल्या आणता आणि एक बाटली सरासरी ८ महिने घरात राहते, तर घरात ४० बाटल्या असणार, मग कपाट कसंही लावा. तुमच्याकडे गार जागा २४ ची आहे तर ५ च्या वेगाने प्रत्येक बाटलीला सरासरी पाच महिन्यांपेक्षा थोडा कमीच वेळ मिळतो. हे अर्थात येणं आणि जाणं सारखं असेल तेव्हाचं. महिन्याला ५ आणून ३ च उघडत असाल तर वर्षाला २४ बाटल्या साचतात, म्हंजे दर वर्षी एक नवा फ्रिज, आणि ह्याला कुठलंच सूत्र वाचवू शकत नाही भिया.

मग सुटका कुठे आहे? थांबण्याच्या वेळेत. आपल्या डोक्यात कुठेतरी बसलंय की वाईन जितकी जुनी तितकी भारी, म्हणून माणूस सगळंच धरून ठेवतो. जगात बनणारी बहुतेक वाईन वर्ष-दोन-तीन वर्षांत प्यायलाच बनवलेली असते. जुनी होऊन सुधारायला वाईनमधे काहीतरी भांडवल लागतं, भरपूर टॅनिन (द्राक्षाच्या सालीबियांतलं तुरट द्रव्य) किंवा चांगली आंबट धार किंवा साखर. टॅनिनचे रेणू हळूहळू एकमेकांना जोडले जातात, तुरटपणा मऊ होतो, ताज्या फळाचा वास जाऊन दुसरे वास येतात, ही खरी जादू आहे पण ती मोजक्या बाटल्यांच्याच नशिबात असते. नाशिकची शनां ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां अशी साधी व्हाईट वाईन तीन वर्षं जपून तुम्ही तिचा ताजेपणा तेवढा घालवता. वर्षाचा गहू एकदम भरून ठेवायची आपली माळव्यातली सवय वाईनला लावू नका, कोठीतला गहू गहूच राहतो, बाटलीतली वाईन रोज थोडी थोडी बदलत असते. आणि एक बारीक गोष्ट, नाशिकला द्राक्षं तोडतात साधारण जानेवारी ते मार्चमधे, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमधे. म्हंजे लेबलवर एकच वर्ष छापलेलं असलं तरी आपली बाटली तिकडच्यापेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. आधी कोणती उघडायची ठरवताना हे लक्षात असू द्या.

आता उष्णता. रसायनशास्त्रात ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. १३ अंशांऐवजी ३३ अंशांत ठेवलेली बाटली म्हंजे चौपट वेगाने म्हातारी होणारी बाटली. पण गंमत अशी की सगळ्या क्रिया सारख्या पटीत वाढत नाहीत, चांगल्या बदलांपेक्षा नको ते बदल पुढे पळतात, म्हणून "उन्हाळ्यात माळ्यावर ठेवली, लवकर पिकली" असं होत नाही, ती शिजते.

माझ्या मावसभावाचा फ्लॅट आहे स्कीम ५४ मधे, सगळ्यात वरचा मजला, पश्चिमेची भिंत. मे महिन्यात त्याने बाथरूमवरच्या माळ्यातून एक रेड वाईनची बाटली काढली आणि म्हणाला, "दादा, ही चालेल का रे?" उघडायच्या आधीच बाटलीने उत्तर दिलं होतं. चांगल्या बाटलीचं बुचावरचं पातळ टोपण बहुतेक वेळा बोटाने गोल फिरतं, हे चिकटून बसलेलं. कापून काढलं तर बूच काचेच्या कडेपेक्षा दोनेक मिलिमीटर वर आलेलं आणि त्याच्या एका बाजूने खालपर्यंत जांभळा, वाळून डिंकासारखा झालेला ओघळ. वास आला तो आलुबुखाराच्या मुरंब्याचा. प्यायलो आम्ही अर्धा अर्धा ग्लास, बाकीची मावशीने मोरीत ओतली.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. ७५० मिलीच्या बाटलीत बुचाखाली जी रिकामी जागा असते ती दीडेक सेंटीमीटरची, आणि तिच्यात मावणार जेमतेम ४-५ मिली. वाईन २० अंशांवरून ४० वर गेली की ती फुगते, नुसतं पाणी असतं तरी साडेचार मिली वाढलं असतं, अल्कोहोल पाण्यापेक्षा जास्त फुगतं म्हणून वाईन ५-६ मिलीपर्यंत जाते. म्हंजे रिकामी जागा जवळजवळ संपली, आतली हवा दाबली गेली, आणि ढकलायला उरलं फक्त बूच. रात्री गार झालं की वाईन आकसते आणि त्याच वाटेने बाहेरची हवा आत ओढली जाते. दिवसा बाहेर, रात्री आत, असा श्वास बाटली रोज घ्यायला लागली की ऑक्सिजन आपलं काम करतो. म्हणून नुसतं जास्त तापमान वाईट असं नाही, रोजचं वरखाली होणं पण तितकंच वाईट. सतत २० अंशांवर राहिलेली बाटली मला दिवसा ३५ आणि रात्री एसीत २४ अशा खोलीतल्या बाटलीपेक्षा कधीही जास्त भरवशाची वाटते.

बूच म्हंजे ओक जातीच्या एका झाडाची साल, जगातलं जवळपास निम्मं एकटं पोर्तुगाल पुरवतं, आणि तिथे एकदा साल काढली की पुढची काढायला नऊ वर्षं थांबतात. रॉबर्ट हूकने १६६५ मधे सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पेशी पाहिल्या त्या याच बुचाच्या. हवा भरलेल्या त्या बंद खोल्यांमुळेच बूच दबतं आणि परत फुगून काचेला घट्ट बसतं. ते सुकू नये म्हणून बाटली आडवी ठेवतात. पण जिला फिरकीचं झाकण आहे तिला आडवं झोपवायची काहीच गरज नाही, ती खुशाल उभी ठेवा, आणि फेस येणारी वाईन पण उभी चालते. नाशिकच्या किती तरी वाईन आता फिरकीच्या झाकणात येतात, म्हंजे आडव्या रॅकवरची जागा फक्त बुचवाल्यांसाठी राखली की अर्धी गर्दी तिथेच कमी होते.

आडव्या बाटल्या कशा रचायच्या ह्यावर गणितज्ञांनी खरंच डोकं लावलंय. एकावर एक सरळ रांगेत ठेवल्या तर समोरून दिसणाऱ्या जागेतली साडेअठ्ठ्याहत्तर टक्के भरते. वरची रांग खालच्या दोन बाटल्यांच्या खाचेत बसवली, मधमाशीच्या पोळ्यासारखी, तर जवळपास एक्क्याण्णव टक्के, आणि एकसारखी वर्तुळं पसरलेल्या सपाट जागेत ह्यापेक्षा दाट बसूच शकत नाहीत हे सिद्ध झालेलं आहे. ऐकून वाटतं झालं काम, खाचेत बसवा. पण आपलं कपाट काही अनंत नसतं ना. साडेसात सेंटीमीटर जाडीची बाटली धरा. ६० बाय ६० च्या खणात सरळ रचल्या तर ८ च्या ८ रांगा, ६४ बाटल्या. खाचेत बसवल्या तर एक रांग ८ ची, पुढची ७ ची, अशा ९ रांगा बसतात, एकूण ६८. एवढ्या खटपटीचा फायदा चार बाटल्या. आणि ३० बाय ३० चा छोटा खण घेतला तर सरळ रचून १६ बसतात आणि खाचेत बसवून १४ च! लहान जागेत कडेला वाया जाणारी जागा सगळा फायदा खाऊन टाकते. त्यात खालची बाटली काढायची म्हंजे वरचा ढीग उतरवा, तोही घरी पाहुणे बसलेले असताना. तेव्हा छोट्या खणात सरळ रांगाच बऱ्या, आणि खाचेतला ढीग करायचाच असेल तर एकाच प्रकारच्या बाटल्यांचा, कुठलीही काढली तरी तीच निघेल असा.

फ्रिजवर लिहिलेल्या आकड्यावर पण जाऊ नका. "२४ बाटल्यांचा" म्हंजे सरळ खांद्याच्या, बोर्दो आकाराच्या २४. पिनो न्वार वगैरे रेड वाईनच्या पोटफुगऱ्या बाटल्या साडेआठ सेंटीमीटरपर्यंत जातात, फेसवाल्या अजून जाड, तुमचा संग्रह मिसळ असेल तर १८-२० वरच गाडी अडते. एक आड एक उलटसुलट, मान-बूड मान-बूड अशा ठेवल्या तर थोडं सुधारतं.

पण फ्रिज घेताना इंदूरकराने खरं बघायचं ते वेगळंच. स्वस्त आणि एकदम शांत असे छोटे वाईन फ्रिज मिळतात ते बरेचदा पेल्टिए पद्धतीचे असतात. दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते हे फ्रान्सच्या जाँ पेल्टिए यांनी १८३४ मधे पाहिलं, त्याच तत्त्वावर हे चालतात, हल्ली धातूंऐवजी अर्धवाहक असतात एवढंच. कॉम्प्रेसर नाही, थरथर नाही, आवाज नाही. अडचण एवढीच की बाहेरच्या हवेपेक्षा पंधराएक अंशच खाली नेऊ शकतात. पॅरिसच्या २२ अंशांच्या खोलीत मस्त. आपल्याकडे दुपारी खोली ३७ ला पोचली की आत २०-२२, आणि ते आणण्यासाठी तो बिचारा दिवसभर पूर्ण ताकदीने चालतोय. इथे कॉम्प्रेसरवालाच हवा, आणि त्याच्या पाटीवर क्लायमेट क्लास बघायचा: एन म्हंजे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, एसटी म्हंजे ३८, आणि टी म्हंजे ४३. इंदूर, ग्वाल्हेरला टी घ्या, वाद नको. आणि तो फर्निचरमधे कोंबू नका. फ्रिज आतून जेवढी उष्णता काढतो ती अधिक स्वतः खाल्लेली वीज, सगळं खोलीतच फेकतो, त्याला मागे हवा मिळाली नाही तर तो स्वतःचीच उष्णता परत उपसत बसतो.

लाईट गेली तर? भरलेला फ्रिज इथे कामाला येतो. एका बाटलीतली वाईन आणि काच मिळून १ अंश तापायला साधारण साडेतीन किलोज्यूल लागतात, ३० बाटल्या म्हंजे शंभरेक. बंद दारातून समजा ३० वॅटच्या वेगाने उष्णता आत शिरतेय, तर तासाला एकच अंश चढेल. दोन-तीन तासांची लाईट गेली तर दार उघडून काळजी करू नका, दार उघडणंच जास्त नडेल.

उजेडाचं थोडक्यात. वाईनमधलं रिबोफ्लेविन, म्हंजे आपलं ब जीवनसत्त्वातलंच एक, अतिनील आणि निळा उजेड शोषून घेतं आणि मग गंधकाचे वास तयार होतात, उकडलेल्या कोबीसारखे. पारदर्शक काचेतल्या रोझेला, म्हंजे गुलाबी वाईनला, सगळ्यात आधी बाधतं. दिवाणखान्यातल्या शोकेसमधे एलईडीच्या पट्टीखाली बाटल्या मांडायची हौस असेल तर रिकाम्या मांडा, कोण हलवून बघतंय. थरथरीचा मात्र लोक उगाच बाऊ करतात, उष्णतेपुढे ती किरकोळ आहे.

एक सरकारी मर्यादा पण आहे. घरात किती बाटल्या ठेवायच्या हे एमपीत एक्साइज ठरवतं, २०२२ च्या पॉलिसीत ती मर्यादा चौपट केली होती, पण पॉलिसी दरवर्षी नवी येते, तेव्हा मोठा संग्रह करणाऱ्यांनी चालू वर्षाचा नियम बघूनच खरेदी करावी. उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वरला १ एप्रिल २०२५ पासून दारूविक्री बंद केली आहे, तिकडच्या घरी बाटल्या हलवायचा विचार असेल तर तिथला नियम आधी बघा.

आणि वाईन फ्रिज घ्यायचाच नसेल तर? मार्च संपायच्या आत सगळ्या बाटल्यांच्या मानेला कागदी टॅग अडकवा, त्यावर फक्त कधीपर्यंत प्यायची तो महिना लिहा, म्हंजे आडवी बाटली न ओढता वाचता येतं. ज्यांची वेळ जूनच्या आधी संपतेय त्या होळी-रंगपंचमीच्या पाहुण्यांना उघडा. उरलेल्यांपैकी ज्या चार-सहा जपायच्याच आहेत त्या घरच्या साध्या फ्रिजमधे खालच्या भाजीच्या कप्प्यात झोपवा. तिथे ४ ते ८ अंश असतं, वर्षानुवर्षं ठेवायला ती जागा नाही, पण एप्रिल ते जून एवढे महिने माळ्यापेक्षा हजार पटीने बरी. मेथी-कोथिंबीर कुठे जाणार हे मात्र घरात आधीच बोलून घ्या.