घरात गॅस आला, बाळाचं वजन तिथंच

२०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातले १४.८ टक्के लोक ‘बहुआयामी दारिद्र्या’त होते, म्हणजे उत्पन्नावरून नव्हे, तर आरोग्य, शिक्षण आणि राहणीमानातल्या उणिवांवरून मोजलेल्या गरिबीत. २०१९-२१ च्या आकडेवारीत ते प्रमाण ७.८१ टक्क्यांवर आलं, म्हणजे जवळपास निम्मं. याच काळात राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत कमी वजनाची मुलं किती होती? आधी ३६ टक्के, नंतर ३६.१.

दोन्ही आकडे एकाच पाहणीतून आलेत: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते करते. पाचव्या, म्हणजे २०१९-२१ च्या फेरीत देशभरातल्या सहा लाखांहून जास्त घरांत माहिती घेतली गेली, मुलांना वजनकाट्यावर ठेवलं गेलं, दोन वर्षांखालच्या बाळांची लांबी आडवं झोपवून मोजली गेली. मग गरिबी घटली आणि बाळ तसंच राहिलं, असं कसं झालं?

उत्तर हे दारिद्र्य मोजणाऱ्या निर्देशांकाच्या हिशेबात आहे. नीती आयोग १२ गोष्टी तपासतो. सोयीसाठी एकूण २१ गुण धरू. पोषणाला त्यातले साडेतीन. गॅस, शौचालय, पाणी, वीज, पक्कं घर, बँक खातं आणि टीव्ही-सायकलीसारख्या वस्तू यांना प्रत्येकी एक. उरलेले गुण शिक्षण, बालमृत्यू आणि मातेच्या आरोग्याला. वंचिततेचे सात गुण झाले की घर गरीब.

आता एक घर घ्या. बाळ कुपोषित (३.५), गॅस नाही, शौचालय नाही, खातं नाही, घर कच्चं (४). बेरीज साडेसात, म्हणून गरीब. पुढे गॅस आला, खातं उघडलं. बेरीज साडेपाच. घर यादीतून बाहेर पडलं, बाळाचं वजन मात्र एक ग्रॅमनेही वाढलेलं नाही!

यात लबाडी नाही. धुरापासून सुटका ही आईसाठी फार मोठी गोष्ट आहे, आणि ती मोजलीच पाहिजे. पण ‘गरिबी निम्मी झाली’ या वाक्यावरून ‘मुलं सुधारली’ असा अर्थ आपण परस्पर काढतो, तो चुकीचा आहे. मुलांचा आकडा मुलांच्याच रकान्यात पाहायला हवा. जिल्हावार तक्ते सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. गावाच्या बैठकीत ते उघडून वाचले जावेत असं मला मनापासून वाटतं.

बरं, नुसत्या पैशानेही कोडं सुटत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातली ४६ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती; सर्वांत सधन हिश्श्यातही हे प्रमाण २३ टक्के होतं. सर्वेक्षणात आईला एक साधा प्रश्न असतो: काल दिवसा आणि रात्री बाळाने काय काय खाल्लं? डाळ, भाजी, अंडं, दूध, किती वेळा? त्या उत्तरांवरून पाहिलं तर ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात फक्त ११.३ टक्के निघाली.