पातळ पेज आणि बिअरची टाकी

बाळाला वरचं अन्न सुरू करायचं म्हटलं की आमच्या बेळगाव-खानापूर भागात अजून नाचणी भिजत पडते. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची आणि दळायची. आई सांगायची, साध्या नाचणीची पेज चमच्याला चिकटून बसते, मोडाच्या पिठाची मात्र तेवढंच पीठ घालूनही पातळ होते. "मोडानं निम्मं पचवून ठेवलेलं असतंय," हे तिचं उत्तर. पुढं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा कळलं की या उत्तरात काही दुरुस्त करण्यासारखं नाही. गेल्या महिन्यात भाच्याबरोबर बेळगावबाहेरची एक छोटी ब्रुअरी बघायला गेलो, तर तिथं तीच पातळ पेज स्टीलच्या भल्यामोठ्या टाकीत ढवळत होती.

दाणा रुजायला लागला की आतल्या कोंबाला भूक लागते. त्याची शिदोरी असते पिष्ट, म्हणजे स्टार्च, पण ते जसंच्या तसं त्याला खाता येत नाही. म्हणून कोंब गिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. तो निरोप पोचला की दाण्याच्या सालीखालचा थर अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतो आणि पिष्टाच्या लांबच लांब साखळ्या तुटून साखर होऊ लागते. नेमक्या या वेळी दाणा वाळवला की कोंब मरतो, विकर मात्र टिकून राहतं. हेच माल्ट. बिअरला जवाचं, बाळाला नाचणीचं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं मोडाच्या नाचणीवर केलेलं काम याच धाग्यावरचं आहे: पेज पातळ राहिली की बाळाच्या लहानशा पोटात जास्त पीठ, म्हणजे जास्त ताकद जाते.

ब्रुअरीतला मुख्य कारागीर यळ्ळूरकडच्या शेतकरी घरातला, बेंगळुरूत काम शिकून आलेला. भरडलेलं माल्ट तो ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतो. ६५च का? अमायलेज दोन प्रकारचं असतं. अल्फा म्हणजे उसाच्या कांडीवर मधेच कुठंही कोयता घालणारा गडी. बीटा म्हणजे एका टोकाकडून नेमानं दोन-दोन पेरं मोडून खाणारं पोर. त्या दोन पेरांची साखर म्हणजे माल्टोज. बीटाला साधारण ६० ते ६५ अंश मानवतात, अल्फाला ७० च्या आसपास. तापमान दोन-तीन अंश वर नेलं तर न आंबणारे मोठे तुकडे जास्त उरतात आणि बिअर जाडसर, गोडसर लागते. खाली ठेवलं तर ती कोरडी, हलकी होते.

काम झालं की नाही हे तो कसं ओळखतो, ते बघून मला माझी शाळेची प्रयोगशाळा आठवली. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्यानं टाकीतला एक थेंब ठेवला आणि वर आयोडिनचा थेंब सोडला. काळानिळा डाग उमटला. "अजून स्टार्च हाय, सर." वीस मिनिटांनी पुन्हा तेच. या वेळी आयोडिन पिवळसरच राहिलं. नववीच्या पोरांना बटाट्यावर आयोडिन टाकायला लावताना हे दृश्य मला दाखवता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

मग हा गोड अर्क गाळून तासभर हॉप्सबरोबर उकळतात. हॉप्स ही भांगेच्या कुळातल्या एका वेलीची मादी फुलं. त्यांच्यातली आम्लं उकळताना रूप बदलतात तेव्हा कडवटपणा उतरतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, त्यामुळं इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. तेवढ्यानंही कडवटपणा उतरायचा वेग मंदावतो. याचा हिशोब त्याच्या वहीत होता, ते मला फार आवडलं.

इथवर माणसाचं काम. पुढचं सगळं यीस्टचं. अर्क थंड करून त्यात मागच्या खेपेचा यीस्टचा गाळ घालतात, म्हणजे सरळ विरजण लावतात. बव्हेरियाच्या १५१६ च्या बिअर कायद्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलंय. यीस्ट नाही, कारण ते सजीव आहे हेच ठाऊक नव्हतं. आंबणं हे जिवंत पेशींचं काम आहे हे १८५७ पासून लुई पाश्चरनं दाखवत नेलं. आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं एकाच पेशीपासून वाढवलेलं निर्भेळ यीस्ट मिळवलं. शेजारणीकडून आणलेल्या विरजणात काय काय आलंय याची खात्री नसते. हान्सेननं ती खात्री दिली. कार्ल्सबर्गनं ते यीस्ट इतर ब्रुअरींनाही दिलं, याचं मला विशेष कौतुक वाटतं.

यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. वाटेत आणखी एक पदार्थ होतो, डायअसिटिल. त्याला लोण्याचा वास येतो. लोण्यात तो हवाच, बिअरमध्ये नको. शेवटी यीस्ट स्वतःच तो परत शोषून घेतं, पण घाई करून थंड केलं तर तो राहून जातो. कारागिरानं एकाच टाकीतले दोन ग्लास भरले. एक झाकून गरम पाण्यात ठेवला, मग गार करून दोन्ही माझ्यापुढं धरले. "वास घ्या की, सर." गरम न केलेल्यात काही नाही. गरम केलेल्यात लोणी, अगदी ताकावरचं! उष्णतेनं दडलेला कच्चा माल डायअसिटिलमध्ये बदलतो आणि अजून दोन दिवस थांबायला हवं हे नाकालाच कळतं.

टाक्यांच्या खोलीत शिरताना त्यानं आधी पंखा लावला, दार उघडं ठेवलं. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तो तळाशी साचतो. धान्याच्या पेवात उतरण्याआधी जुनी माणसं कंदील खाली सोडायची, तो विझला तर उतरायचं नाही. तिथंही दाण्यांचा श्वासच साचलेला असायचा.

शेवटी चव. मी दोन-दोन घोटच घेतले, गाडी चालवणाऱ्या भाच्यानं फक्त वास घेतला. अल्कोहोल कर्करोगाला कारण ठरतं हे सिद्ध झालेलं आहे, तेव्हा प्रमाण लहान तेवढं बरं. गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा वास होता. तो मिसळलेला नव्हे. केळ्यातलंच आयसोअमाइल असिटेट हे संयुग यीस्टनं तयार केलेलं. काळी बिअर तोंडात घेतली आणि मला चक्क आपला कुंदा आठवला. दूध आटताना साखर आणि प्रथिनं मिळून तांबूस रंग आणि खमंग वास येतो, तीच मायार अभिक्रिया माल्ट भाजतानाही होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायारनं ती १९१२ मध्ये मांडली.

बाहेर आलो तर एक टेम्पो उभा होता. शंभर लिटर बिअरमागं साधारण वीस किलो ओला चोथा उरतो. साखर निघून गेलेली, पण प्रथिनं आणि तंतू शिल्लक, म्हशींना उत्तम. मात्र आमच्या हवेत तो दोन दिवसांत आंबतो, म्हणून गोठेवाला त्याच दिवशी येतो. त्यानं फावड्यानं शेवटचा वाफाळता ढीग टेम्पोत ओढला, वर गोणपाट टाकलं आणि म्हशींची वेळ झाली म्हणून घाईनं निघाला.