पाड्यावर सौर पंपाचं पाणी: अर्ज कुणी करायचा, कागद कोणते लागतात

विजेचा भरवसा नाही, पण हातपंपाला पाणी आहे, अशा वाडी-पाड्यांना सौर दुहेरी पंप नळ योजना फार उपयोगाची आहे. एकाच विंधन विहिरीत हातपंप राहतो आणि पाणबुडी पंपही बसतो. ऊन असेपर्यंत टाकी भरते, तिथून पाणी नळाला येतं. आभाळ भरून आलं तर हातपंप आहेच.

अर्ज एकट्याने करता येत नाही. तो ग्रामपंचायतीचा असतो. सुरुवात ग्रामसभेच्या ठरावापासून. ठरावात वाडीचं नाव, कुटुंबं, लोकसंख्या आणि हातपंप नेमका कुठला, हे लिहून घ्या. मी पाहिलेल्या एका ठरावात नुसतं ‘गावठाण व वाड्या’ होतं. प्रस्ताव परत आला आणि पुढची ग्रामसभा होईपर्यंत बायका ओढ्यावर हंडे घेऊन जातच राहिल्या. ठरावासोबत पाणीपुरवठा समितीची यादी जोडा. समितीत निम्म्या महिला हव्यात. पंचायत समितीमार्फत प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे जातो.

खरी अडचण येते ती पाण्याच्या आणि जागेच्या कागदांत. विहिरीची क्षमता चाचणी वैशाखातली असेल तर उत्तम, कारण दिवाळीत भरपूर पाणी देणारी बोअर मे महिन्यात दगा देते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा स्रोताबाबतचा दाखला घ्या. प्रयोगशाळेचा अहवालही हवाच. सौर पंप पाणी वर आणतो, शुद्ध करत नाही. लिटरमागे फ्लोराइड 1.5 किंवा नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर दुसरा स्रोत शोधा. यवतमाळ, चंद्रपूरकडे भूजलात फ्लोराइड जास्त आढळतं, तिकडच्या गावांनी इथे अजिबात घाई करू नये.

टाकी आणि पॅनलच्या जागेचा सातबारा किंवा नमुना 8 (ग्रामपंचायतीचा मिळकतीचा उतारा) लागतो. जागा खासगी असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. ‘आमची काही हरकत नाही’ हे तोंडी आश्वासन जागामालकाच्या मुलांच्या वाटण्या झाल्या की टिकत नाही. जागा पाहताना दुपारी तिथे उभे राहा. आंब्याची सावली पॅनलवर आली तर टाकी अर्धीच भरेल. वनजमीन असेल तर वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) प्रमाणे पाण्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जागा मिळू शकते. त्यालाही ग्रामसभेची शिफारस लागते.

जल जीवन मिशन या केंद्राच्या नळपाणी योजनेच्या निकषांत गावांतर्गत कामाला 10 टक्के लोकवर्गणी आहे. निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातीची वस्ती असलेल्या गावांना 5 टक्के. श्रमदानही त्यात धरतात, म्हणून चर खोदणाऱ्यांची हजेरी वहीत रोज लिहा.

शेवटचा कागद देखभालीच्या हमीचा. त्यावर सही करण्याआधी पाणीपट्टी किती आणि पॅनलवरची धूळ कोण पुसणार, हे सभेतच ठरवून घ्या.